मणिबेलीची उमेदवारी

अक्कलकुवा सोडून अंकलेश्वर रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की खापर लागते. त्यानंतर थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो आणि गुजरातचा सागबारा तालुका सुरू होतो. या पट्ट्यात घरात देहवाली, दुकानात गुजराती आणि कचेरीत मराठी चालते. महाशिवरात्रीला याहामोगी देवीच्या दर्शनासाठी सीमेपलीकडच्या देवमोगऱ्याला निघालेल्यांना मधली सीमा जाणवतही नाही. अशा गावात वाढलेल्या मुलामुलींना एकाच दिवसात तीन भाषांतून ये-जा करायची सवय असते. सवयीचीच असल्याने ही विद्या आहे असे त्यांना कोणी सांगत नाही. ती विद्या आहे, आणि जगात तिला फार मोठी मागणी आहे, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, म्हणजे यूएनडीपी, शासनव्यवहार आणि शांतता उभारणी या विषयांत संशोधनासाठी इंटर्न घेतो. या विषयांवर काम करणारे त्याचे एक केंद्र 2002 पासून नॉर्वेतल्या ओस्लो शहरात आहे. 2015 मध्ये जगातल्या देशांनी मान्य केलेल्या 17 शाश्वत विकास ध्येयांपैकी सोळावे ध्येय शांतता, न्याय आणि सक्षम संस्था यांचे आहे. इंटर्नचे बरेचसे काम त्याच्याभोवती फिरते. अहवाल वाचायचे, त्यांची टिपणे काढायची, आकडे पडताळायचे, मसुद्यातल्या चुका शोधायच्या. अर्ज करता येतो तो पदवीच्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांना, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना किंवा नुकतेच उत्तीर्ण झालेल्यांना. मुदत काही महिन्यांची. यूएनडीपी विद्यावेतन देतो, पण संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या खर्चाने राहणे ज्यांना परवडते त्यांच्यासाठीच ते दार खऱ्या अर्थाने उघडे आहे. जगाच्या विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या उंबरठ्यावरच ही विषमता असावी, याचा मला मनापासून राग येतो.

आपल्याकडे या प्रकाराला जुना शब्द आहे, उमेदवारी. वकिलाकडे, छापखान्यात, कचेरीत माणसे उमेदवारी करत. पगार नसे, असला तर नाममात्र. शिकायचे ते हाताखाली राहून, बघून. आता हा शब्द निवडणुकीपुरता उरला आहे, पण मला इथे जुन्या अर्थानेच हवा आहे. कारण शासनव्यवहार आणि शांतता या विषयाची उमेदवारी करायला अक्कलकुवा तालुक्याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. जागतिक बँकेला इथेच धडा मिळाला, आणि तो मिळवून देणारा माणूस पूर्वी यूएनडीपीचाच प्रमुख होता.

तालुक्याच्या उत्तर टोकाला, नर्मदेच्या काठावर मणिबेली आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली येणाऱ्या महाराष्ट्रातल्या 33 गावांपैकी 9 अक्कलकुव्यातली आणि 24 शेजारच्या अक्राणी तालुक्यातली. धरणाकडून वर येताना महाराष्ट्रातले पहिले गाव मणिबेली. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, तो 1 जुलै 1998 ला झाला. ही सगळी गावे धुळे जिल्ह्यात मोडत. 1985 मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी 45 कोटी डॉलर मंजूर केले. बुडणाऱ्या डोंगरातल्या माणसांविषयी बँकेच्या कागदांत तेव्हा फारच थोडे होते.

त्याच वर्षी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकलेल्या मेधा पाटकर या खोऱ्यात आल्या. त्या पीएच.डी.चे काम करत होत्या. गावोगाव फिरून त्या लोकांना विचारू लागल्या तेव्हा दिसले, की धरण किती उंच होणार आणि पाणी कुठवर येणार हे गावाला कोणी सांगितलेलेच नाही. प्रबंध मागे पडला. 1986 मध्ये महाराष्ट्रातल्या गावांची नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली आणि पुढे नर्मदा बचाओ आंदोलन. खुद्द टाटा संस्थेवर महाराष्ट्र सरकारने पुनर्वसनाच्या देखरेखीचे आणि मूल्यमापनाचे काम सोपवले होते. म्हणजे एकाच संस्थेच्या मुशीतून निघालेले लोक एकीकडे सरकारसाठी नोंदी करत होते आणि दुसरीकडे गावाबरोबर बसले होते. मला यात विसंगती वाटत नाही. दोघांकडेही वही होती, आणि दोन्ही वह्या लागल्या.

1990 च्या डिसेंबरात आंदोलनाची संघर्ष यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवली गेली. उपोषण झाले, जगभर बातमी गेली. 1991 मध्ये बँकेने आपल्याच प्रकल्पाची स्वतंत्र समीक्षा करायला माणसे नेमली. बँकेच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडत होते. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, अमेरिकी काँग्रेसचे माजी सदस्य आणि 1976 ते 1986 यूएनडीपीचे प्रमुख. उपाध्यक्ष थॉमस बर्जर, कॅनडातले माजी न्यायाधीश. सोबत मानववंशशास्त्रज्ञ ह्यू ब्रॉडी आणि पर्यावरणाच्या बाजूने डोनाल्ड गॅम्बल.

बर्जर यांच्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे. 1974 ते 1977 या काळात उत्तर कॅनडातल्या मॅकेन्झी खोऱ्यातून जाणाऱ्या वायुवाहिनीची चौकशी त्यांनी केली होती. लोकांना राजधानीत न बोलावता ते स्वतः 35 वस्त्यांत गेले. शिकारी, मासेमार, म्हाताऱ्या बायका यांनी आपल्या भाषेत सांगितले आणि ते शब्द तज्ज्ञांच्या साक्षींबरोबर नोंदले गेले. शेवटी त्यांनी लिहिले की आदिवासींच्या जमिनीचे दावे आधी निकाली काढा, वाहिनी दहा वर्षे थांबवा. असा माणूस नर्मदेच्या खोऱ्यात येणे हा योगायोग असेल, पण त्याने पुष्कळ काही घडले.

समीक्षेच्या या मंडळींनी काम घेताना अटी घातल्या होत्या. खर्चाचा पैसा आपल्या हाती, प्रकल्पाच्या सगळ्या फायली उघड्या, आणि अहवाल बँकेच्या कात्रीविना छापला जाईल. धरण असावे की नसावे हा प्रश्न त्यांना विचारलेलाच नव्हता. पुनर्वसन आणि पर्यावरणाची काळजी बँकेच्या नियमांप्रमाणे घेतली जाते का, एवढेच पाहायचे होते. इतक्या अरुंद वाटेने ते शिरले आणि 18 जून 1992 ला अहवाल दिला. सार असे : माणसांवर काय परिणाम होणार याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, आहे या परिस्थितीत सर्वांचे पुनर्वसन शक्य नाही, बँकेने मागे सरून नव्याने विचार करावा. बँकेने आधी अटी घालून काम पुढे रेटले. मग 1993 च्या मार्चअखेर भारत सरकारने उरलेले सुमारे 17 कोटी डॉलर उचलणार नसल्याचे कळवले. त्याच सप्टेंबरात बँकेने तक्रारींची तपासणी करणारे कायमचे मंडळ स्थापले. बँकेच्या पैशाने आपले नुकसान झाले असे वाटणारा जगातला कुठलाही समूह आज त्याच्याकडे जाऊ शकतो. 1994 मध्ये 44 देशांतल्या 326 संघटनांनी बँकेच्या धरणांविरुद्ध एक जाहीरनामा काढला. त्याला नाव दिले मणिबेलीचे.

गावाला काय मिळाले? धरण थांबले नाही. मोजणीला विरोध करणाऱ्या अक्राणीच्या चिंचखेडीत 1993 च्या नोव्हेंबरात पोलिसांच्या गोळीबारात 15 वर्षांचा मुलगा मेला. शांतता उभारणीची पुस्तके वाचणाऱ्याने हे विसरू नये. इथे गोळी चालली ती मोजणीवरूनच, म्हणजे संशोधनाच्या सख्ख्या भावावरून.

मला मोर्स आणि बर्जर यांच्या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो एका शब्दाचा. डोंगरातली बरीच शेती जंगलजमिनीवर, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली. लोक तिला नेवाड म्हणतात. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही, म्हणून सरकारी भाषेत कसणारा ठरला अतिक्रमणधारक, आणि जमिनीला जमीन मिळण्याच्या यादीत त्याला जागा नव्हती. जमीन तीच, माणूस तोच. कोणत्या भाषेत नाव लिहिले यावर त्याचे भवितव्य ठरत होते. पुढे याला आणखी जोड मिळाली : घोषित आणि अघोषित. यादीत नाव असेल तो घोषित प्रकल्पग्रस्त, घर बुडत असूनही नाव नसेल तो अघोषित. तळोद्याजवळच्या सोमावल, रोझवा, रेवानगर या वसाहतींत हे शब्द लहान पोरांनाही ठाऊक असतात. वसाहतींसाठी तळोद्याचे जंगल मोकळे केले तेव्हा तिथे आधीपासून कसणारे आदिवासी होतेच. विस्थापित आणि कसणारे समोरासमोर आले, दोघेही गरीब, दोघेही खरे. अशा भांडणाला ओस्लोत ‘संसाधनांवरील संघर्ष’ म्हणतील. खापरच्या पोराला त्यातल्या दोन्ही बाजूंची आडनावे माहीत असतात, बहुधा नातीही.

कायद्याने नंतर काही बदलले. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्यात ग्रामसभेला आपल्या चालीरीती आणि तंटा मिटवण्याची परंपरागत पद्धत जपण्याचा अधिकार आहे. अक्कलकुवा तालुका त्या क्षेत्रात येतो. महाराष्ट्राने नियम केले ते 2014 मध्ये. त्यानुसार पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. वर ज्याला शासनव्यवहार म्हटले त्या ‘गव्हर्नन्स’ला मराठीत कारभार म्हणावे. इथल्या आदिवासी गावांत पाटील आणि पुजाऱ्याच्या जोडीला कारभारी असतोच, आणि पंच बसतात तेव्हा दोन्ही बाजूंचे ऐकून घेण्याला तासांचा हिशेब नसतो. मात्र या बैठकीत बाईचे म्हणणे किती ऐकले जाते, हा प्रश्न मी तरी सोडणार नाही, आणि उमेदवारानेही सोडू नये. गावाविषयीची माया आणि गावाला प्रश्न विचारणे या दोन्ही गोष्टी एकत्र चालायला हव्यात.

2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, 4 हेक्टरच्या मर्यादेत, हक्क मागता येतो. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहते : बांध, विहीर, जुने झाड, देवाचे ठिकाण. पुराव्यांच्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्याने सांगितलेले आणि लिहून घेतलेले निवेदन. बर्जर यांनी कॅनडातल्या वस्त्यांत जे ऐकून घेतले, तेच आता आपल्या कायद्यात पुरावा म्हणून उभे आहे.

ओस्लोच्या अर्जात संशोधनाचा अनुभव लिहायला रकाना असतो. खापरच्या मुलीने तिथे लिहावे : वनहक्काच्या दाव्यांसाठी वडीलधाऱ्यांची निवेदने घेतली, ऐकली देहवालीत, लिहिली मराठीत. पण त्याआधी ती तिने खरोखर घ्यावीत. पाड्यावर जावे, ओसरीवर बसावे, म्हातारा बोलत असताना मध्ये तोडू नये. तो वर्ष सांगणार नाही, दुष्काळ सांगेल, लग्न सांगेल, अमक्या होळीच्या आधी म्हणेल. ते तसेच उतरवावे, त्याला त्याच्याच बोलीत वाचून दाखवावे, तो दुरुस्त करील तिथे दुरुस्त करावे, आणि मग कागद त्याच्यापुढे अंगठ्यासाठी ठेवावा.