बाळाची हालचाल मंदावली तर...

"डॉक्टर, परवापासून बाळ हललं नाही. सासूबाई म्हणाल्या, दिवस भरत आले की बाळ शांत होतं." नवव्या महिन्यातील त्या भगिनीला मी तपासले. सोनोग्राफीतही ठोके नव्हते. रक्तदाब १६०/११० होता. आठव्या महिन्यात तो कोणी मोजलाच नव्हता.

२८ आठवड्यांनंतर बाळ पोटातच दगावून जन्मले, तर त्यास मृतजन्म म्हणतात. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तीव्र रक्तक्षय, सिफिलिस, बाळाची खुंटलेली वाढ, मिश्री-तंबाखू, अडलेले बाळंतपण ही त्याची काही कारणे. यांतील बरीचशी तपासणीत वेळीच कळतात. म्हणून प्रत्येक भेटीत रक्तदाब, वजन, लघवी व पोटाची वाढ पाहिलीच पाहिजे. राहिले तर संकोच न करता विचारा. सरकारी रुग्णालयांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची मोफत तपासणी होते.

दिवस भरले म्हणून बाळ हलायचे थांबत नाही. हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन करा.

त्या सासूबाईंना मी दोष दिला नाही. फक्त हे समजावले. पुढे धाकट्या सुनेला त्या स्वतः, रात्री अकरा वाजता घेऊन आल्या. ते बाळ सुखरूप आहे.