कायदे बदलले, आरोपी तीच!

कायद्याचे शब्द बदलले म्हणजे त्याची नजरहि बदलली, असें समजण्याचा मोह लोकांस फार होतो. वेश्याव्यवसायासंबंधीं आपल्या देशांत दीडशें वर्षांत जे कायदे झाले ते ओळीनें पाहिले, तर हा समज किती पोकळ आहे तें कळून येईल.

सन १८६८ मध्यें सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. त्यांतील काळजी बायकांची नव्हती, गोऱ्या पलटणींच्या प्रकृतीची होती. बाईनें सरकारदप्तरीं नांव नोंदवावें, सक्तीची तपासणी सोसावी. तिच्याकडे जाणाऱ्या शिपायास मात्र कोणीं विचारूं नये! विलायतेंत जोसेफाईन बटलर बाईंनीं तिकडील अशाच कायद्यांविरुद्ध रान उठविलें व ते १८८६ सालीं रद्द झाले. मागाहून १८८८ त इकडचाहि गेला. पुढें १९२३ सालीं मुंबईंत वेश्याव्यवसाय-प्रतिबंधक कायदा आला. आपला बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत. म्हणून तो इकडे लागू नव्हता. स्वराज्य आल्यावर १९५६ सालीं बीड मुंबई राज्यांत आला आणि त्याच सालीं साऱ्या देशासाठीं अनैतिक व्यापाराचा कायदा झाला. मुलींची खरेदीविक्री थांबवावी हा त्याचा हेतु स्तुत्यच होता.

१९८६ सालीं या कायद्याचें नांव बदललें, व्याख्येंत 'स्त्री' ऐवजीं 'व्यक्ति' आली. पण त्याचें आठवें कलम पाहा. उघड्यावर गिऱ्हाइकास बोलावल्याबद्दल बाईस पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद. तोच गुन्हा पुरुषानें केला तर किमान सात दिवस व फार तर तीन महिने! आमच्या पेठेंतील कोणता व्यापारी असला तराजू दुकानांत ठेवील?

हें कलम काढल्यास दलालांस मोकळें रान मिळेल, असें कित्येकांचें म्हणणें आहे. परंतु कुंटणखाना चालविणें, त्यासाठीं जाणूनबुजून घर भाड्यानें देणें, मुलीस फूस लावून नेणें हे त्याच कायद्यान्वयें स्वतंत्र गुन्हे आहेत. त्यांची अंमलबजावणी हवी तितकी कडक करावी. आठवें कलम गाळण्याचें विधेयक २००६ सालीं लोकसभेंत आलें आणि २००९ त लोकसभेच्या मुदतीबरोबर बुडालें. जें कायदेमंडळास साधलें नाहीं तें न्यायालयांनीं थोडेंबहुत केलें. मुंबई उच्च न्यायालयानें २०२० सालीं सुधारगृहांत ठेवलेल्या तिघी सज्ञान स्त्रियांस मुक्त केलें. सर्वोच्च न्यायालयानें मे २०२२ मध्यें पोलिसांनीं या स्त्रियांशीं माणुसकीनें वागावें, त्यांस शिवीगाळ वा मारहाण करूं नये, असें बजावलें.

आमचें सांगणें दोन गोष्टींचें आहे. आठवें कलम कायमचें जावें, ही एक. दुसरी आपल्याच हातची. दरसाल या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. त्यांच्या मुलींस गांवींच शाळा व वसतिगृह मिळालें, तर कामाच्या मिषानें येणारा दलाल दारावरूनच परत जाईल. पडलेल्या बाईस तुरुंगांत धाडण्याची हौस ज्या समाजास आहे, त्यानें तिला पडूं न देण्याचा खर्चहि सोसला पाहिजे.