गार्ड एक, बीट तीन : आमदारांना काय विचारायचं?



मार्चमधल्या एका गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला आणि विषय निघाला वणव्याचा. आदल्या आठवड्यात डोंगर दोन दिवस जळत होता. गावातल्या बायांनी, पोरांनी ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवली. एक ताई म्हणाल्या, "गार्डला फोन केला होता. तो दुसऱ्या डोंगरावरची आग विझवत होता. एकटा माणूस, तीन बीट सांभाळतो. कुठंकुठं पळेल?" कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "मग त्याला कशाला बोलता? माणसं नेमणाऱ्याला विचारा."

आजींचं बरोबर आहे. म्हणून या वेळी तेच समजून घेऊ.

माणूस आणि पैसा कशाला लागतो?

जंगलाचा सगळ्यात लहान भाग म्हणजे बीट. त्यावर एक वनरक्षक, म्हणजे आपला गार्ड. त्याच्यावर वनपाल, त्याच्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे रेंजर. गस्त, चोरटी तोड, वणवा, रानडुकरानं पीक खाल्लं तर पंचनामा, सगळं आधी गार्डपाशी येतं. त्याची जागा रिकामी राहिली की शेजारच्या गार्डकडे 'अतिरिक्त कार्यभार' जातो. कागदावर प्रत्येक बीटला माणूस दिसतो, जंगलात मात्र तो सापडत नाही.

पैशाचंही तसंच. उन्हाळा लागायच्या आत जाळरेषा काढायची असते. म्हणजे एका पट्ट्यातलं गवत, पाला आधीच साफ करायचा, म्हणजे आग तिथं अडते. वणव्यावर नजर ठेवायला हंगामी मजूर लावायचे असतात. पैसा वेळेवर आला नाही तर ही कामं राहतात, आणि झळ आपल्याला बसते. मोहफूल, तेंदू, डिंक, चारा सगळं त्याच डोंगरावर आहे. आपल्या गटाच्या कर्जाचे हप्तेही त्यावरच फिटतात.

कुणाला विचारायचं?

गार्डची भरती सरपंचांच्या हातात नाही. तो राज्य सरकारचा कर्मचारी. त्याचा पगार राज्याच्या अर्थसंकल्पातून होतो आणि त्या खर्चाला मंजुरी विधानसभा देते. म्हणून पहिलं दार आमदारांचं. १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून जंगल हा केंद्र आणि राज्य दोघांचा विषय आहे, म्हणून खासदारांनाही पत्र द्यायचं.

आणखी एक पैसा आहे, त्याला 'कॅम्पा' म्हणतात. खाण, धरण, रस्ता यांसाठी जंगलाची जमीन दिली की त्या बदल्यात पैसे भरून घेतात. २०१६ च्या कायद्यानुसार यातला ९० टक्के वाटा राज्याकडे येतो. आपल्या तालुक्यात तो कुठं खर्च झाला, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

"आमच्या हातात काय आहे?" असं आमदार म्हणाले तर सांगा : तारांकित प्रश्न विचारा, त्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात द्यावं लागतं. लक्षवेधी सूचना मांडा. वन विभागाच्या मागण्या चर्चेला येतील तेव्हा कपात सूचना देऊन विषय काढा.

कसं करायचं?

१. आधी आकडा हातात घ्या. माहिती अधिकारात उपवनसंरक्षक कार्यालयाकडे अर्ज करा : आमच्या रेंजमध्ये वनरक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून? वणव्यासाठी निधी किती आला, कोणत्या तारखेला? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला दाखला जोडला की फी नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

२. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथं विषय मांडा, मग ग्रामसभेत ठराव घ्या आणि सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी ग्रामसभेच्या राखणदारीसाठीही निधी मागावा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा अधिकार तुमच्या ग्रामसभेलाच दिलाय.

३. निवेदन एका पानाचं ठेवा. मागण्या तीनच : रिक्त पदं भरा, वणव्याचा निधी उन्हाळ्याआधी द्या, हंगामी मजूर गावातलेच घ्या आणि त्यात बायांनाही घ्या. ठराव आणि माहितीचं उत्तर जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

४. वेळ सांभाळा. मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असतं, तोवर आकडे बरेचसे ठरलेले असतात. म्हणून दिवाळीनंतर लगेच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी आमदारांना भेटा.

आपल्याकडून काय?

ताई, एक गोष्ट आपल्यातच बोलायला हवी. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग कधीकधी डोंगर चढते. पाला झाडून बाजूला करा, नाहीतर जुनी साडी, नेट अंथरा. त्या दिवशी बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मग आजीच म्हणाल्या, "मी पण पेटवायची. यंदापासून बंद." आमदारांसमोर आपण बोलू तेव्हा आपली बाजू स्वच्छ हवी.

त्या गटानं माहितीचा अर्ज त्याच दिवशी लिहिला. आजींनी अंगठा लावला. पुढच्या मासिक बैठकीत तुमच्या गटातही हा विषय घ्या. अर्ज लिहायला अडलं तर मला बोलवा, आपण मिळून लिहू.