गाडी कोणाच्या नावावर आहे?

दहावीचा निकाल लागला की मुलगा गाडीची चावी मागतो आणि आपण म्हणतो, "ने, पण हळू चालव हं!" हिंगणीहून सेलूला शिकवणीला जायचं तर एसटीची वाट किती बघायची? आणि पोलिसांनी धरलंच, तर आपलं उत्तर तयार असतं : "अहो, लहान आहे तो. त्याला काय होणार?"

मैत्रिणींनो, त्याचं राहू द्या. तुमचं काय होईल ते आधी ऐका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९-अ हे कलम आलं. अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, की त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. "मला न सांगता नेली," हे कोर्टात तुम्हीच सिद्ध करायचं. स्कूटी बहुधा बाईच्याच नावावर घेतलेली असते, नाही का?

"सोळाव्या वर्षी बिनगिअरची चालते," असं कुणी सांगेल. चालते, पण ५० सीसीपर्यंतचीच, आणि तीही परवाना काढून. आपल्या दारातली स्कूटी त्याहून बरीच मोठी असते.

आता दारूचं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. नागपूर जिल्हा लागूनच आहे, आणि चोरटी कुठं मिळते हे पोरांना आपल्याआधी कळतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्य सापडलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मुलाला मात्र तुरुंगात किंवा लॉकअपमध्ये ठेवत नाहीत. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे नेतात.

पुण्याचं प्रकरण आठवतं ना? १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्याच दिवशी मुलाला जामीन मिळाला, ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर! लोक खवळले, तेव्हा त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. जूनमध्ये उच्च न्यायालयानं सोडलं. जुलै २०२५ मध्ये मंडळानं त्याला प्रौढ मानून खटला चालवायलाही नकार दिला. अटक झाली ती वडिलांना, आजोबांना आणि आईलासुद्धा. मुलाच्या रक्ताऐवजी स्वतःचं रक्त तपासणीला दिलं, असा आईवर आरोप आहे. पोटच्या पोरासाठी बाई काय करून बसेल, सांगता येत नाही. पण पुरावा बदलणं हा वेगळा गुन्हा, आणि तो मोठ्या माणसांच्या कोर्टात चालतो.

विम्याचंही ऐकून ठेवा. परवाना नसलेल्या मुलाच्या हातून कुणाला इजा झाली, तर कंपनी बहुधा त्या माणसाला भरपाई देते, पण मग तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करते. तेव्हा आज आरसी बुक काढून नाव बघा, आणि चावी फ्रिजवरच्या टोपलीतून उचलून कपाटात ठेवा.