पंपाचा टायमर मागं का पडतो? घड्याळ अचूक ठेवायची युक्ती, घरच्या घरी

भोंगवली (ता. भोर) : सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी असली की घड्याळ हाच भांडणाचा विषय होतो. एकाच्या टायमरमध्ये सहा वाजलेले असतात, दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये सहाला दहा कमी. दोघंही आपलंच घड्याळ खरं म्हणतात. थ्री फेज लाईट मोजक्याच तासांची, त्यात दहा मिनिटं गेली म्हणजे एक-दोन वाफे कोरडे राहिले. म्हणून घड्याळ का चुकतं, खरी वेळ येते कुठून आणि ती आपल्या टायमरपर्यंत कशी आणायची, ते समजून घेऊ.

घड्याळ का चुकतं?

डिजिटल टायमरमध्ये क्वार्ट्झचा बारीक तुकडा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तेवढी थरथर मोजून झाली की घड्याळ एक सेकंद पुढे सरकतं. पण स्वस्तातला क्वार्ट्झ दहा लाखांत वीस ठोक्यांनी चुकू शकतो. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद आणि वर्षाला साधारण साडेदहा मिनिटं. एक टायमर पुढे आणि दुसरा मागे गेला, तर वर्षभरात दोघांत वीस मिनिटांचा फरक पडतो.

त्यात ऊन. हा क्वार्ट्झ २५ अंशांच्या आसपास सर्वांत नीट चालतो. त्यापेक्षा गरम झाला तरी आणि गार पडला तरी तो मंदावतो. स्टार्टरची लोखंडी पेटी उन्हात ५५ अंशांपर्यंत तापली, तर त्या तापमानाला घड्याळ दिवसाला आणखी अडीच सेकंदांच्या हिशेबानं मागं पडतं. काही जुन्या चकतीच्या टायमरांची गोष्ट वेगळी. ते लाईटवरच फिरतात, लाईट गेली की जागच्या जागी थांबतात.

खरी वेळ येते कुठून?

भारताची प्रमाण वेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते. तिथं अणुघड्याळं आहेत. सिझियम अणूच्या लहरीची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून जगभर चालते.

इंटरनेटवर ही वेळ एनटीपी नावाच्या पद्धतीनं पोचते. आपलं यंत्र सर्व्हरला विचारतं, "किती वाजले?" उत्तर येईपर्यंत वेळ पुढे गेलेली असते. म्हणून यंत्र जायला-यायला लागलेला वेळ मोजतं, त्याचा निम्मा धरतं आणि उत्तरात मिळवतं. रेंज कमी असली तर थोडी चूक राहते, पण पंपाच्या कामाला ती नगण्य आहे.

जिथं रेंजच नाही, अशा वेल्ह्याच्या खोऱ्यांत जीपीएस उपयोगी पडतं. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या प्रत्येक जीपीएस उपग्रहात अणुघड्याळ असतं. जीपीएसचा छोटा मॉड्यूल दर सेकंदाला एक ठोका देतो आणि त्यातली चूक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी असते.

खोडदला हेच तत्त्व

आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. सगळ्यांचा सिग्नल एकत्र जुळायचा तर सगळ्यांचा ताल एकच पाहिजे. म्हणून प्रत्येक डिशला वेगळं घड्याळ न देता एका ठिकाणी अचूक फ्रिक्वेन्सी तयार होते आणि ऑप्टिकल फायबरनं सगळीकडे जाते.

इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेली मंडळी हेच काम घरी लहान प्रमाणावर करतात. सेकंदाला एक कोटी ठोके देणारा क्वार्ट्झ घ्यायचा. जीपीएसच्या दोन ठोक्यांमध्ये त्याचे किती ठोके झाले ते मोजायचं. एक कोटी तीन भरले तर तो पळतोय, मग त्याचं व्होल्टेज किंचित बदलून त्याला जागेवर आणायचं. क्वार्ट्झ स्वस्तातलाच असतो, पण त्याच्यावर जीपीएसचा लगाम असतो.

आपल्याला काय करता येईल?

पंपाला एवढी बारकाई लागत नाही. साधारण हजार रुपयांच्या आसपास पुढचं सामान बसतं :

- डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल : हा तापमान बघून स्वतःची चूक सुधारतो. वर्षाला साधारण एक मिनिट इकडेतिकडे. बटणासारख्या सेलवर चालतो, त्यामुळे लाईट गेली तरी वेळ जात नाही.
- ईएसपी८२६६ बोर्ड : वाय-फाय किंवा मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून एनटीपीची वेळ घेतो. ती जागतिक वेळ असते, म्हणून प्रोग्राममध्ये साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद मिळवायला विसरू नका.
- जीपीएस मॉड्यूल : रेंज नसेल तरच घ्या. अँटेनाला मोकळं आभाळ दिसलं पाहिजे, पत्र्याखाली तो चालत नाही. पहिल्यांदा सुरू केल्यावर पंधरा मिनिटं थांबा. तोवर वेळ काही सेकंद चुकलेली दिसू शकते.

दिवसातून एकदा वेळ दुरुस्त केली तरी पुष्कळ झालं. बारावी सायन्सची किंवा आयटीआयची मुलं हे दोन-तीन दिवसांत जोडू शकतात.

एक सावधगिरी. हे सगळं सामान ३ ते ५ व्होल्टचं आहे आणि स्टार्टरमध्ये ४०० व्होल्टच्या वर करंट खेळतो. घड्याळ घरी जोडा, पण स्टार्टरला जोडायचं काम वायरमनकडूनच करून घ्या. ओल्या हातानं पेटी उघडू नका.

काहीच जोडायचं नसेल तर

मोबाईलच्या सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवा. मोबाईलची वेळ फार चुकली तर बँकेचं ॲपसुद्धा उघडत नाही, तेव्हा तो फायदा आहेच. मग दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या वाटेकऱ्यांनी विहिरीवर जमून आपापले टायमर त्याच वेळेला लावावेत. महिन्याभरात पडणारा फरक मग एक-दोन मिनिटांच्या पुढे सहसा जात नाही. पाळी कुणाच्या घड्याळानं मोजायची हे आधीच ठरलेलं असलं, की बांधावरचा निम्मा वाद तिथंच मिटतो.