दोन लेकरांची आई आणि आपला हिशेब



गोष्ट आषाढातली आहे. मुळशी तालुक्यात भाताची आवणी सुरू झाली की दिवसा घरात माणूस सापडत नाही. आमच्या चुलत भावाचे घर पौडच्या पुढे एका लहानशा वस्तीत आहे. भाऊ पिरंगुटच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे, बारा-बारा तासांची पाळी करतो. चुलती दुसऱ्याच्या खाचरात मजुरीने आवणीला जाते. मागे घरात राहते ती आमची भावजय, तिची एक वर्ष आठ महिन्यांची थोरली मुलगी आणि अवघ्या बावीस दिवसांची धाकटी.

रविवार होता. बाळाला पाहायला म्हणून आम्ही पत्नीसह गेलो. दारात पाऊल ठेवतो तोच आत मोठा ओरडा ऐकू आला. झाले होते असे की भावजय भिंतीला टेकून बाळाला पाजत होती आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. थोरलीने आपल्या हातातला फुटाणा बाळाच्या ओठात घातला. तिने तो प्रेमानेच घातला होता. बाळालाही खाऊ, एवढेच तिला कळत होते. भावजय दचकून जागी झाली, फुटाणा ओठातच दिसला, तिने तो काढून टाकला. बाळ वाचले. पण जेवायला घरी आलेल्या चुलतीच्या कानावर हे गेले आणि सगळा राग त्या बाळंतिणीवर निघाला.

"लक्ष कुठं असतं हिचं? आम्ही पाच-पाच वाढवली, असं कधी झालं नाही!"

रात्रपाळी करून झोपलेला भाऊ उठून आला, त्यानेही तोच सूर धरला. भावजय एक शब्द बोलली नाही. बाळाला छातीशी धरून नुसती रडत होती. थोरली तिच्या पदराला धरून तिच्याहून मोठ्याने रडत होती.

आमच्या पत्नीने चुलतीला हळूच विचारले, "काकू, वाढवलीत पाच. पण जन्मली किती होती?"

चुलती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "सात."

पुढे कोणीच काही बोलले नाही.

चोवीस तासांचा जमाखर्च

आमचा जन्म कारकुनीत गेला. कोणतीही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय आम्हाला पटत नाही. त्या दुपारी आमच्या पत्नीने भावजयीला आदल्या दिवसाचे सारे काम क्रमाने विचारले आणि आम्ही ते पाकिटाच्या मागे लिहीत गेलो.

बाळाला दिवसरात्रीत दहा वेळा पाजणे, दर वेळी सुमारे पंचवीस मिनिटे : चार तास दहा मिनिटे. चहा, डबा, दोन वेळचा स्वयंपाक : तीन तास. नळाला तासभर पाणी येते, ते भरणे : एक तास. दुपटी, लंगोट आणि घरचे कपडे धुणे : दीड तास. दोन्ही मुलींना तेल लावून अंघोळ : एक तास. थोरलीच्या मागे फिरून तिला भरवणे : दीड तास. भांडी आणि केरवारा : दीड तास. ओले लंगोट बदलणे, रात्री उठणे, पाळणा हलवणे : दीड तास.

बेरीज पंधरा तास दहा मिनिटे झाली. शिल्लक राहिले आठ तास पन्नास मिनिटे. कागदावर पाहणारा म्हणेल की झोपेला पुरेसा वेळ आहे. पण ही शिल्लक चिल्लर आहे, बंदा रुपया नाही. वीस मिनिटे इथे, अर्धा तास तिथे. सलग झोप किती झाली म्हणून विचारले तर ती म्हणाली, "दीड तास झाली असंल भाऊजी, पहाटंच्या आधी."

या हिशेबात पावसाची नोंद नाही. मुळशीच्या पावसात दुपटी चार-चार दिवस वाळत नाहीत. घरभर दोऱ्या बांधायच्या आणि चुलीच्या उबेला एकेक दुपटे धरायचे. थोरलीने घरात सू केली तर पुसायचे. बाळ आल्यापासून ती पुन्हा अंथरूण ओले करू लागली आहे, रात्री आईच्याच कुशीत शिरते, बाळाला पाजायला घेतले की "मला पण" म्हणून पदर ओढते. शेजारणी तिला हट्टी म्हणतात. ती हट्टी नाही. कालपर्यंत सगळी आई तिची होती, आज अर्धीही उरली नाही, हे तिला समजत नाही एवढेच.

बाळंतीण म्हणजे ओली बाई, असे आपल्याकडे म्हणतात. तिचे अंग भरून आलेले नसते. अशा बाईने पंधरा तास राबावे आणि पाच मिनिटे डोळा लागला तर शिव्या खाव्यात, हा कुठला न्याय? चूक लक्षाची नव्हती. चूक कामाच्या वाटणीची होती.

आमचीही बाकी आहे

हे लिहिताना आम्ही कोणी निराळे आहोत असा आव आणणार नाही. आमच्या दोन मुलांत सव्वा वर्षाचे अंतर आहे. ती लहान होती तेव्हा संध्याकाळी कचेरीतून येऊन आम्ही चहा घ्यायचो आणि मीटिंगला निघायचो. जयंतीची वर्गणी, विहाराचे बांधकाम, व्याख्यानमाला, कामाला तोटा नव्हता. माता रमाईच्या त्यागावर आम्ही तास-तास बोललो, टाळ्या घेतल्या. रात्री साडेदहाला घरी आलो की पत्नी एका मुलाला मांडीवर थोपटत आणि दुसऱ्याला खांद्यावर घेऊन उभी असायची. आम्ही विचारायचो, "जेवायला वाढतेस ना?"

त्या रविवारी परतताना एसटीत आम्ही पत्नीला विचारले, "तुझेही असेच होत होते का?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तेव्हा विचारायचं होतं." याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

रमाईंचा त्याग आपण गातो, पण त्यांचे दुःख किती जण नीट मोजतात? गंगाधर, रमेश, राजरत्न हे मुलगे आणि इंदू ही मुलगी, अशी चार लेकरे त्यांनी लहानपणीच गमावली. एकटे यशवंत जगले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. गरिबीत बाळंतपणे आणि लेकरांची आजारपणे काढणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

म्हणूनच २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती भत्त्याच्या विधेयकावर ते ठामपणे उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्याचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. पण मातेची विश्रांती आणि दोन मुलांतले अंतर हे प्रश्न घरातल्या बायकांचे नसून सर्व समाजाचे आहेत, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

कायदा कोणाच्या दारी?

१९६१ साली देशभरासाठी प्रसूती लाभ कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झाले. आमच्याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे. तिथल्या काचेच्या इमारतीत नोकरी करणाऱ्या भगिनीला ही रजा उपयोगी पडते, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच तालुक्यात आवणीला जाणारी, वीटभट्टीवर राबणारी, चार घरची धुणीभांडी करणारी माउली या रजेत बसत नाही. अंगणवाडीत तीन वर्षांचे मूल बसवता येते, वीस महिन्यांचे कुठे बसवायचे? ज्या वयात मुलाला सर्वांत जास्त सांभाळावे लागते, त्याच वयात आईला कोणाचा आधार नाही.

तरी जे आपल्या हक्काचे आहे ते तरी घ्या. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, आणि १ एप्रिल २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. आमच्या भावजयीला हे ठाऊकच नव्हते. अंगणवाडीतून स्तनदा मातेला पहिले सहा महिने आणि सहा महिन्यांपुढील बालकाला आहार मिळतो. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करून घ्यावी, पुढे हेलपाटे वाचतात.

आशाताईचे येणे म्हणजे नुसती चौकशी समजू नका. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, अशा सहा दिवशी ती घरी येऊन बाळ तपासते. या पद्धतीची पायाभरणी आपल्याच महाराष्ट्रात झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केले. नवजात बाळांचे मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. पूर्वी पाचव्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहिते म्हणत. आज आशाताई बाळाचे वजन लिहिते आणि त्यावरून बाळाचे पुढचे कळते.

घरात एवढे पाळा

पहिले सहा महिने बाळाला आईचेच दूध, वरचे पाणीसुद्धा नको. मध, घुटी, गुळाचे पाणी देऊ नये. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेले लागत असेल, श्वास भराभर चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, बाळ मलूल पडले असेल, तर अंगारा लावत बसू नका, १०८ किंवा १०२ ला फोन करा. आईला जास्त रक्तस्राव, ताप किंवा झटके आले तरी तसेच. लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला चुकवू नये.

थोरल्या मुलाला रागावू नका. त्याला बाळाचे दुपटे आणायला सांगा, बाळाजवळ बसवा, पण मोठे माणूस जवळ असेल तेव्हाच. शेंगदाणे, फुटाणे, मणी, बटणे त्याच्या हाती पडतील अशी ठेवू नका. दिवसातून थोडा वेळ तरी आई एकट्या त्याचीच असू द्या, तेवढा वेळ बाळाला दुसऱ्याने घ्यावे.

आई दोन आठवड्यांनंतरही सारखी रडत असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही म्हणत असेल, तर तिला बाहेरचे लागले असे म्हणू नये. तो आजार आहे, डॉक्टरांना दाखवा.

आणि एक गोष्ट पुरुषांसाठी. एका बाळंतपणानंतर पुढची चाहूल लागण्याआधी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत. तांबी आहे, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन सरकारी दवाखान्यात २०१७ पासून आले आहे. पुरुष नसबंदी तर बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. पण तिचे नाव काढले की आमचे वाघ मागच्या दाराने निघून जातात!

वस्तीने काय केले

वर्षावासातले ग्रंथवाचन विहारात रोज संध्याकाळी चालू होते. पुढच्या शनिवारी वाचन संपल्यावर आम्ही तो पाकिटावरचा हिशेब तिथे वाचून दाखवला, नाव न घेता. दोन-तीन पुरुष हसले. एक आजी मात्र म्हणाली, "लिवलंय खरं हाय." मग बायका बोलू लागल्या. त्या रात्री जे निघाले ते आजवर कुठल्या मीटिंगमध्ये निघाले नव्हते.

फार मोठा ठराव झाला नाही. एवढेच ठरले की वस्तीत ज्या घरी बाळंतीण असेल, त्या घरचे पाणी पुरुषाने भरायचे. आवणीला न जाणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी दुपारी दोन तास थोरल्या मुलाला आपल्याकडे न्यायचे, आणि त्या वेळेत बाळंतिणीला कोणी हाक मारायची नाही. पहिले चार दिवस आमच्या भावाला हंडा घेऊन नळावर उभे राहायची लाज वाटली. पाचव्या दिवसापासून दुसरे दोघे येऊ लागले. सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. ओव्हरटाइम लागला की पाणी पुन्हा तिच्यावरच येते. चुलतीची कुरबूर चालूच आहे. पण आता थोरलीला जेवू घालून, तिचे हात धुऊन मगच ती कामाला निघते.

महिन्याने आम्ही पुन्हा गेलो. दुपारचे अडीच वाजले होते. दाराला आतून कडी होती. चुलती ओट्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही कडी वाजवायला हात उचलला तर तिने तोंडावर बोट ठेवले.

"झोपली हाय. बसा इथंच."

आम्ही ओट्यावर बसलो. पावसाने उघडीप दिली होती. दोरीवर दुपटी वाळत होती.

बंधूंनो, आपल्या घरीही पाकिटाच्या मागे हा हिशेब एकदा मांडून पाहा. बेरीज खरी करा आणि मग त्यातले कोणते काम आपल्या नावावर लिहायचे ते आपणच ठरवा. मुले मोठी झाल्यावर विचारू नका. आम्ही उशिरा विचारले, त्याचे उत्तर आम्हाला मिळाले आहे.

जयभीम!