जुनी बादली आणि तळातली खडी

गळकी बादली, रंगाचा रिकामा डबा, कान तुटलेली बरणी यांनी बाग फार कमी खर्चात सजते. मात्र त्यांच्या कुंड्या करताना तळाला भोक नसले तरी विटांचे तुकडे किंवा खडी घातली की निचरा होतो, असा समज आहे. निचरा म्हणजे जास्तीचे पाणी भांड्याबाहेर जाणे. खडीत उतरलेले पाणी भांड्यातच राहते. पावसाळ्यात ते चढत मुळांपर्यंत येते आणि मुळे कुजतात. भोक असलेल्या डब्यातही खडीच्या थराने निचरा सुधारत नाही. माती केशाकर्षणाने (बारीक पोकळ्यांत पाणी धरून ठेवणाऱ्या ओढीने) पाणी धरते आणि ते खडीच्या मोठ्या फटींत सहजी सोडत नाही. भिजलेला स्पंज जाळीवर ठेवला, तर ठिबकणे थांबल्यावरही त्याचा खालचा भाग चिंब असतो, मातीचेही तसेच. खडीमुळे हा चिंब थर वर सरकतो आणि मुळांची जागा घटते.

मग भोकावर खापरी ठेवण्याची जुनी रीत चुकीची का? मुळीच नाही. एखादी बाकदार खापरी माती वाहून जाऊ देत नाही. तिचे काम तेवढेच, आणि ते ती चोख करते. पत्र्याच्या डब्याला खिळा आतून बाहेर ठोकावा, म्हणजे भोकाची कड बाहेर वळते आणि पाणी अडत नाही. बरणीला भोक पाडणे जिवावर येत असेल, तर रोप लहान कुंडीत लावून ती बरणीत ठेवावी व साचलेले पाणी ओतून द्यावे.